आकड्याची वीज आणि ‘मानलेली’ चोरी

वेळूच्या काठीला वायरचा हूक बांधायचा, दिवेलागणीनंतर तो उघड्या तारेवर अडकवायचा आणि लाइनमन फिरायच्या आत पहाटे उतरवून ठेवायचा. याला आकडा टाकणं म्हणतात. टाकणाऱ्याला हटकलं तर तो विचारतो, ‘तार जागच्या जागी आहे, मग चोरलं काय?’ प्रश्न उद्धट आहे, पण बिनबुडाचा नाही. याच प्रश्नाने भल्याभल्या न्यायाधीशांना घाम फोडलाय.

भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम ३७८ प्रमाणे चोरी व्हायची ती जंगम मालमत्तेची, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मूर्त वस्तूची. वीज ना हातात धरता येते, ना पिशवीत भरता येते. (हातात धरणारा सहसा सांगायला उरत नाही, तो भाग वेगळा.) जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९९ साली वीज ही ‘वस्तू’च नव्हे असं म्हटलं आणि पुढच्याच वर्षी तिथे वेगळा कायदा करावा लागला. हेगमधल्या एका दंतवैद्याने तर विणायची सुई घालून मीटर थांबवला होता. त्याच्या खटल्यात १९२१ साली डच न्यायालयाने उलट कौल दिला: विजेला किंमत आहे, ती एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाते, तेव्हा तिची चोरी होऊ शकते.

आपल्याकडे हा घोळ १९१० च्या वीज कायद्यातल्या कलम ३९ ने मिटवला, तोही जरा आडवळणाने. अप्रामाणिकपणे वीज घेणाऱ्याने चोरी केली असं ‘मानलं जाईल’. दत्तक मुलाला पोटचा मानावा तसं. साठच्या दशकात अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात नेमकं हेच ‘मानणं’ नडलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा गुन्हा दंड संहितेचा नाही, वीज कायद्याचा आहे. आणि त्या कायद्याप्रमाणे फिर्याद सरकार, विद्युत निरीक्षक किंवा नुकसान झालेली व्यक्ती यांच्यामार्फतच यायला हवी. तशी ती आली नव्हती. आरोपी सुटला.

१९८६ च्या दुरुस्तीने वीजचोरीला स्वतःची शिक्षा मिळाली. २००३ च्या नव्या कायद्यात कलम १३५ आलं: आकडा, मीटरमधली छेडछाड, सगळं त्यात, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २००७ पासून गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला. घरगुती जोडणीवर पिठाची गिरणी चालवण्यासारख्या प्रकारांना मात्र कलम १२६ आहे. तो अनधिकृत वापर. तिथे दुप्पट दराने आकारणी होते. भरारी पथक येऊन गेल्यावर खरी हुज्जत या दोन कलमांवरूनच चालते, कारण एकात बिल वाढतं आणि दुसऱ्यात पोलीस येतात.

तडजोडीची वाट, म्हणजे ठरलेली रक्कम भरून खटला टाळायची, २००३ च्याच कायद्यातल्या कलम १५२ मध्ये आहे. मूळ कायद्यातला दर लघुदाबाच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या जोडणीला किलोवॅट किंवा अश्वशक्तीमागे शेतीसाठी २,००० रुपये, उद्योगासाठी २०,००० रुपये. ही सवलत एका माणसाला एकदाच.