घरचा व्हिडिओ घरीच एडिट करताय? पेनड्राइव्ह आणण्याआधी एवढं वाचा

बारसं, साखरपुडा, आजोबांची पंचाहत्तरी. हल्ली घरचीच मुलं मोबाइलवरच्या क्लिपा जोडून हॉलच्या स्क्रीनसाठी व्हिडिओ करतात. छानच आहे. "फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं आमच्या काउंटरवर सारखं विचारतात, म्हणून हे छापलं.

विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर शॉटकट घ्या. पूर्ण फुकट, व्हिडिओवर शिक्का उमटत नाही. विंडोज ११ मध्ये क्लिपचँप असतंच, तेही चालेल. मॅकवाल्यांना आयमूव्ही. दाविंची रिझॉल्व्ह फुकटातही जबरदस्त, पण १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड नसेल तर नादी लागू नका. बाकी कुठलंही घेतलंत तर आधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा एक्स्पोर्ट करून, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल बाहेर काढून बघा. काहींचा वॉटरमार्क, म्हणजे तो शिक्का, तेव्हाच दिसतो.

आता खरी अडचण. लोक 'सेव्ह' करतात आणि तीच फाइल आणतात. शॉटकटची .एमएलटी फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. ती वाण्याची यादी आहे, किराणा घरीच राहिला. कुठली क्लिप, कुठल्या सेकंदापासून, कुठल्या फोल्डरमधली, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. आमच्या मशीनवर उघडली की 'फाइल सापडत नाही' एवढंच येतं. मग बाहेर पाहुणे जमलेले आणि क्लिपा घरच्या लॅपटॉपमध्ये! अशी 'सेव्ह' केलेली प्रोजेक्ट फाइल आम्ही घेत नाही ती यामुळे. अडवणूक म्हणून नाही.

म्हणून शॉटकटमध्ये वर 'एक्स्पोर्ट' दाबा, आधीची (डिफॉल्ट) सेटिंग तशीच ठेवा, नाव देताना शेवटी .एमपी४ आहे ना बघा. काम पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत लॅपटॉप मिटू नका. मग फाइलचा आकार बघा. केबीत असेल तर काहीतरी चुकलंय. दहा मिनिटांचा फुल एचडी व्हिडिओ शेकडो एमबीचा भरतो. एकदा दुसऱ्या मोबाइलवर चालवून बघा.

नातेवाइकांकडून क्लिपा मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर मोठ्या स्क्रीनवर चेहरे पुसट दिसतात. चार जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्ह घेत नसेल तर तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. रिकामा करून आणा, फॉरमॅट फुकट करून देऊ.

अर्ध्यात अडलात तर थेट लॅपटॉपच घेऊन या. आवाजातली घरघर काढणं, मराठी नावं टाकणं, गाणं बसवणं आम्ही करतो; दर काउंटरवर लावलेत. स्क्रीन आमची असेल तर फाइल आदल्या संध्याकाळी द्या. तपासायचे पैसे घेत नाही.