अर्धसंवाहक कारखाने, आशियाबाहेरील प्रगत

प्रामुख्याने तैवान व दक्षिण कोरिया येथे एकवटलेली प्रगत चिपांची निर्मिती अमेरिका व यूरोपात उभी करण्याचे प्रयत्न. ‘प्रगत’ची सीमा सर्वमान्य नाही. सामान्यतः ७ नॅनोमीटर व त्याखालील तंत्र प्रगत धरतात. परंतु या आकड्याचा ट्रान्झिस्टरच्या (चिपमधील सूक्ष्म विद्युत-स्विचच्या) प्रत्यक्ष मापाशी आता मेळ उरलेला नाही. त्यामुळे १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाने आराखडे उमटवणारी यंत्रे वापरात आहेत की नाहीत, ही कसोटी अधिक नेमकी वाटते. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेसरचा मारा करून हा प्रकाश मिळवतात. ही यंत्रे बाजारात आणणारी एकमेव कंपनी, एएसएमएल, नेदरलँड्सची आहे. अर्थात मुख्य यंत्र यूरोपातच बनते; उणीव असते ती त्याभोवतीच्या पुरवठादारांची व अनुभवी हातांची.

या प्रयत्नांचा आरंभ बहुधा मे २०२० पासून मानला जातो. त्या महिन्यात तैवानच्या टीएसएमसी कंपनीने ॲरिझोना राज्यात १,२०० कोटी डॉलरच्या कारखान्याची घोषणा केली. तथापि इंटेल या अमेरिकी चिप-कंपनीचे ओरेगन व ॲरिझोना येथील कारखाने कधीच थांबले नव्हते. टीएसएमसीनेही १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कॅमस येथे वेफरटेक हा कारखाना उभारण्यास घेतला होता. त्यातील चिपांचा खर्च तैवानपेक्षा बराच अधिक राहिला, असे संस्थापक मॉरिस चँग सांगत. म्हणून २०२० ही नव्या पर्वाची सुरुवात म्हणणे अधिक योग्य. ऑगस्ट २०२२ च्या अमेरिकी चिप्स कायद्याने उत्पादनासाठी ३,९०० कोटी डॉलरच्या प्रोत्साहनाची तरतूद केली.

खर्चाच्या फरकाबाबत तीव्र मतभेद आहेत. चँग यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतील उत्पादन ५० टक्के महाग असल्याचे म्हटले. अमेरिकी अर्धसंवाहक उद्योगसंघटनेच्या २०२० च्या अहवालात दहा वर्षांचा एकूण खर्च तैवान-कोरियापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक धरला असून फरकाचा मोठा भाग सरकारी सवलतींमुळे पडतो, असे मत मांडले आहे. टीएसएमसीच्या वित्तप्रमुखांनी २०२३ मध्ये केवळ बांधकाम चार ते पाच पट महाग असल्याचे सांगितले. उलट टेकइनसाइट्स या विश्लेषण संस्थेने २०२५ मध्ये प्रत्येक वेफरवरील (ज्या पातळ सिलिकॉन-चकतीवर चिपा घडवतात तिच्यावरील) प्रक्रियेच्या खर्चाचा फरक १० टक्क्यांहून कमी ठरवला, कारण स्वयंचलित कारखान्यात मजुरीचा वाटा अत्यल्प असतो. हे आकडे परस्परविरोधी दिसले तरी मोजणीच्या वस्तूच वेगळ्या आहेत: विक्रीयोग्य चिप, दशकभराचा खर्च, इमारत आणि वेफर. कारखाना एकदा नीट चालू लागला की मजुरीपेक्षा उभारणीचा काळ व पुरवठा यांचा भार मोठा ठरतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ॲरिझोनातील फीनिक्स येथील टीएसएमसीच्या प्रकल्पात हे स्पष्ट दिसले. २०२३ मध्ये कुशल मनुष्यबळाअभावी उत्पादन २०२५ वर ढकलावे लागले. तैवानहून तंत्रज्ञ आणण्यास बांधकाम कामगारांच्या संघटनांनी विरोध केला व त्या डिसेंबरात समझोता झाला. कंपनीप्रमुख सी. सी. वेई यांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याला परवाने लागत. तयार नियमावली नसल्याने सुमारे १८,००० नियम ठरवण्यास ३.५ कोटी डॉलर खर्च आला. रसायने स्थानिक बाजारात इतकी महाग, की गंधकाम्ल तैवानहून जहाजाने लॉस एंजेलिसला आणि तेथून ट्रकने आणणे परवडले. ४ नॅनोमीटर तंत्राचे उत्पादन २०२४ च्या अखेरीस सुरू झाले आणि मार्च २०२५ मध्ये नियोजित गुंतवणूक १६,५०० कोटी डॉलरवर गेली.

यूरोपात आयर्लंडमधील लीक्स्लिप येथे इंटेलने २०२३ मध्ये ‘इंटेल ४’ हे जंबुपार प्रकाशाच्या यंत्रांचे तंत्र सुरू केले. जर्मनीतील माग्डेबुर्गचा बेत मात्र २०२५ मध्ये सोडून दिला. जर्मनीतीलच ड्रेझ्डेन येथील टीएसएमसी-बॉश-इन्फिनिऑन-एनएक्सपी यांचा संयुक्त कारखाना २८ ते १२ नॅनोमीटर तंत्राचा, त्यामुळे वरील कसोटीने प्रगत ठरत नाही.

चिप वेफरवर तयार झाली तरी काम संपत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या चिपांना लागणारी प्रगत जोडणी व वेष्टन (चिपा एकत्र जोडून संरक्षक आवरणात बसवणे) मुख्यतः तैवानमध्येच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये फीनिक्स येथे एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या ब्लॅकवेल या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांचा पहिला वेफर तयार झाला, तेव्हाही हा टप्पा तैवानवरच अवलंबून होता. ॲमकॉर कंपनी ॲरिझोनातच, पिओरिया येथे, वेष्टनाचा कारखाना उभारत आहे.