धरणाच्या हिशेबात काय धरलं, काय सुटलं

मोठ्या धरणाची फाईल मंजुरीला निघते तेव्हा तिच्यात लाभ-व्यय गुणोत्तर नावाचा एक आकडा असावाच लागतो. खर्चाच्या रुपयामागे दीड रुपयाचा लाभ दिसला पाहिजे, हा आपल्याकडचा रुळलेला निकष. अवर्षणप्रवण भागाला सवलत आहे, तिथे रुपयाला रुपया आला तरी चालतं. या आकड्याची गोष्ट बरीचशी आपल्याच मुलखात घडली आहे.

इंग्रज सरकारचा हिशेब सावकारी होता. बांधकाम संपल्यावर दहा वर्षांच्या आत पाणीपट्टीतून भांडवलाचं व्याज सुटू लागलं, तर ते काम 'उत्पादक'. ज्यांचं व्याज सुटणार नाही, पण दुष्काळात माणसं जगतील, ती 'संरक्षक'. दारणा धरणाच्या पाण्यावरचे गोदावरी कालवे आणि भंडारदऱ्याचे प्रवरा कालवे या दुसऱ्या रांगेतले. तिजोरीच्या नजरेनं त्यांचं काम आतबट्ट्याचं.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी हाच हिशेब उलगडून पाहिला. याच गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून त्यांनी 1948 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. बागायती शेती आणि कोरडवाहू शेती त्यांनी शेजारी शेजारी ठेवून मोजली. पाणीपट्टी किती जमली एवढंच बघून भागणार नाही, पाण्यामुळे सगळ्या समाजाचं उत्पन्न प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे किती वाढलं ते धरा, हा त्यांचा मुद्दा. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. साठच्या दशकात सरकारनंही व्याजाचा जुना निकष सोडून लाभ-व्ययाचा निकष धरला. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं. त्याच्याशिवाय दुष्काळी तालुक्यांतली कितीतरी धरणं कागदावरच अडली असती.

पण जमेची बाजू जितकी रुंद केली, तितकी खर्चाची बाजू कुणी रुंद केली नाही. खर्च म्हणजे सिमेंट, लोखंड, मजुरी आणि संपादनाचा मोबदला, एवढंच राहिलं.

खरं तर खर्चाचा प्रश्न मावळातल्या शेतकऱ्यांनी आधीच विचारला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटा कंपनी मुळशीला धरण बांधत होती. 1921 च्या एप्रिलमध्ये 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. 1894 च्या भूसंपादन कायद्याला मोबदला पैशातच कळत होता. भाताचं खाचर गेल्यावर पैसे घेऊन माणसानं पुढची सगळी वर्षं कशी काढायची, याचा रकाना त्या कायद्यात नव्हता. सत्याग्रह मोडला, धरण झालं.

कोयनेत हे आणखी स्पष्ट दिसतं. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी मूळचं पूर्वेकडे जाणारं. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवून पोफळीला खोल पाडलं जातं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. कोयना प्रकल्पाच्या 1960 मेगावॅटच्या क्षमतेनं महाराष्ट्राचे कारखाने चालवले. तो लाभ खराच आहे. पण कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं असं वळवायला दिलेलं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि तेवढ्या पाण्यावर पूर्वेला माणदेशात काय पिकलं असतं, ते त्या विजेच्या दरात कधी धरलं गेलं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. धरणाला तडे गेले, ते पुढे मजबूत करावं लागलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं 1976 मध्ये केला, देशात सर्वांत आधी. तोवर कोयना भरून बारा-पंधरा वर्षं झाली होती.

नर्मदेवरच्या सरदार सरोवरात तर नुकसान मोजायचं कसं हाच वाद झाला. आपल्याकडच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बुडिताखाली येणार होती. तिथल्या अनेक आदिवासींची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून ती अतिक्रमण ठरली. कागदावर जमीनच नाही, मग तोटा कशाचा? जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं 1992 मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले आणि पुढच्या वर्षी बँकेचं उरलेलं कर्ज भारतानं सोडून दिलं. 1988 मध्ये 6,406 कोटींना मंजूर झालेल्या या प्रकल्पाचा खर्च 2010 मध्ये 39 हजार कोटींवर गेला होता.

खर्च वाढला की 'सुप्रमा' येते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दचा मूळ अंदाज 372 कोटींचा होता. 1988 मध्ये भूमिपूजन झालं आणि सुप्रमा होत होत तो 18 हजार कोटींच्या पुढे गेला. सिमेंट महागलं, हे कारण मान्य आहे. पण कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या गावात पाण्याची पाळी येईल म्हणून ज्यानं तीस हंगाम वाट पाहिली, त्याचे बुडालेले हंगाम कुठल्याच सुप्रमेत येत नाहीत.

2018 मध्ये कोयनानगरला प्रकल्पग्रस्त ठिय्या देऊन बसले. त्यांतल्या अनेकांचा जन्मही धरण भरल्यानंतरचा होता. मागणी जमिनीची होती.