मेकॉलेचं ते भाषण झालंच नव्हतं

पंचवटीतल्या आमच्या कट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: २ फेब्रुवारी १८३५ला इंग्रज मुत्सद्दी थॉमस मेकॉले ब्रिटिश संसदेत म्हणाला, भारतात एकही भिकारी दिसला नाही, यांची संस्कृती मोडल्याशिवाय देश जिंकता येणार नाही. साफ बनावट! मेकॉले तेव्हा लंडनमध्ये नव्हताच; जून १८३४पासून तो भारतात होता. त्या तारखेचं खरं आहे ते त्याचं शिक्षणावरचं टिपण. त्यात कौतुक कसलं? चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं, असं लिहिलंय पठ्ठ्याने. आणि १८३५ला देश जिंकायच्या गप्पा कसल्या, पेशवाई तर १८१८लाच बुडाली होती. पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरायचे जमिनीतले हौद, मात्र जुन्या नाशकात रंगपंचमीला अजून उघडतात. त्यांत धप्पा, म्हणजे उडी, मारणाऱ्यांचे रील्स त्याच ग्रुपवर येतात.