अडकलेल्या शटरला तेल? मुळीच नको

जुन्या कॅमेऱ्याचं लीफ शटर (प्रकाश आत सोडायला उघडझाप करणारी पातळ पाती) अडकलं की तेलाचा थेंब सोडा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चुकीचा आहे. ही पाती कोरडीच चालतात. मध्ये तेल आलं की एकमेकांना चिकटतात. बहुतेकदा मूळ दुखणंही तेच असतं: फोकसच्या आट्यांतलं जुनं ग्रीस पाझरून पात्यांवर आलेलं.

उपाय नॅप्थाचा, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या द्रव इंधनाचा (ज्योत लांब!). पुढचं भिंग काढा. फिरवून फोकस होणारं असेल, तर आधी जागेची खूण करा. कापसाची काडी जेमतेम ओली करून पाती पुसा, शटर चालवा, काडी बदला, पुन्हा पुसा. नॅप्था ओतू नका, विरघळलेलं ग्रीस पसरून नंतर पुन्हा चिकटतं. फक्त १ सेकंदासारखे मंद वेगच रेंगाळत असतील, तर दोष बहुधा पात्यांत नसून वेळ राखणाऱ्या गिअरांत असतो.