एन्लार्जरच्या ऑटोफोकसमधील स्थितिसंवेदकांची तपासणी

निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रतिमा पाडणाऱ्या एन्लार्जरचे डोके खांबावर वर-खाली केले की प्रतिमेचा आकार बदलतो आणि ती धूसरही होते. मग भिंग पुन्हा जुळवावे लागते. ऑटोफोकस असलेल्या एन्लार्जरमध्ये ही जुळणी यंत्रच करते. लाइट्स कंपनीच्या फोकोमॅट वन-सी सारख्या जुन्या यंत्रांत त्यासाठी खास वक्रतेचा कॅम, म्हणजे भिंगाची जागा ठरवणारा वळणदार कडेचा भाग असे. मोटरवर चालणाऱ्या यंत्रांत एक संवेदक डोक्याची उंची कळवतो, दुसरा भिंगाची जागा, आणि नियंत्रक दोहोंचा हिशेब करून मोटर फिरवतो. कॅमेऱ्यातला ऑटोफोकस प्रतिमा पाहून ठरवतो, हा मात्र प्रतिमा कधीच पाहत नाही, फक्त अंतरे मोजतो. संवेदकाने चुकीचा आकडा दिला तर यंत्र नेमके चुकीच्या जागी जाऊन थांबते आणि कोणतीही सूचना देत नाही. म्हणूनच ही तपासणी आवश्यक ठरते.

दोन संवेदकांची कामे सारखी दिसली, तरी त्यांच्याकडून लागणारी अचूकता फार वेगळी असते. ५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाने ४ पट प्रतिमा घेताना निगेटिव्ह भिंगापासून ६२.५ मिमी आणि कागद २५० मिमी अंतरावर असतो. १० पटीला हीच अंतरे ५५ आणि ५५० मिमी होतात. निगेटिव्ह ते कागद हे अंतर २९२.५ मिमीने वाढले, पण भिंग निगेटिव्हकडे सरकले ते अवघे ७.५ मिमी. याचा परिणाम चुकीवर दिसतो. डोक्याच्या उंचीत १ मिमी चूक झाली तर प्रतिमा कागदापासून १ मिमीच ढळते. भिंगाच्या जागेतील चूक मात्र विवर्धनाच्या वर्गातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येने गुणली जाते, म्हणजे १० पटीला ९९ ने. भिंग ०.१ मिमी चुकले, तर प्रतिमा सुमारे १० मिमी ढळते. भिंगाचे छिद्र एफ २.८ इतके उघडे असताना त्याने प्रत्येक बिंदूचा सुमारे ०.३ मिमीचा ठिपका होतो आणि तो हातात धरलेल्या छायाचित्रात नुसत्या डोळ्यांना जाणवतो. याच नियमाने १ पट विवर्धनाला भिंगाची लहान चूक जवळजवळ दिसतच नाही. लहान प्रतिमेवर तपासून यंत्र ठीक असल्याचा निर्वाळा देणे त्यामुळे निरर्थक आहे. चाचणी सर्वांत मोठ्या विवर्धनाला आणि छिद्र पूर्ण उघडे ठेवूनच करावी.

काम सुरू करण्यापूर्वी वीज तोडावी आणि डोक्याखाली भक्कम आधार द्यावा. पट्टा किंवा मोटर सोडवल्यावर जड डोके आपोआप घसरू शकते, किंवा ताणलेल्या स्प्रिंगमुळे उसळू शकते.

संवेदक म्हणून बहुधा पोटेन्शिओमीटर वापरतात. त्यात रोधक पट्टीवर एक स्पर्शक सरकतो आणि त्याच्या जागेनुसार व्होल्टता बदलते. दांडा दहा वेळा फिरणारा, दहा फेऱ्यांचा प्रकार विशेष प्रचलित आहे. वीज बंद असताना त्याच्या दोन टोकांमधला रोध त्यावर छापलेल्या मूल्याशी ताडून पाहावा. मंडलातील इतर घटकांमुळे वाचन बिघडू नये म्हणून निदान एक तार सोडवलेली बरी. खरी परीक्षा मात्र वीज चालू असताना होते. टोकांना स्थिर व्होल्टता देऊन सरकत्या स्पर्शकावरची व्होल्टता मोजायची आणि डोके किंवा भिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू न्यायचे. आकडा एकसारखा वाढला किंवा घटला पाहिजे. मध्येच उडी, थबकणे किंवा क्षणिक शून्य दिसले तर तेथे रोधक पट्टी झिजली आहे किंवा मळली आहे. डिजिटल मल्टिमीटर अशा क्षणिक खाचा गाळून टाकतो, म्हणून काट्याचा मीटर किंवा ऑसिलोस्कोप (व्होल्टतेचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) घ्यावा. ज्या उंचीवर यंत्र रोज वापरले जाते तिथलाच भाग आधी झिजतो, त्यामुळे दोन टोकांची वाचने बिनचूक असूनही मधला भाग खराब असू शकतो. संपर्क साफ करण्याचा फवारा सरसकट मारू नये. काही द्रावक पट्टीवरचे वंगण धुऊन टाकतात.

यानंतर मिमी खुणांच्या पट्टीवर ठरावीक अंतरांनी व्होल्टता नोंदवून आलेख काढावा. दहा फेऱ्यांच्या चांगल्या पोटेन्शिओमीटरची रेषीयता, म्हणजे आलेख सरळ रेषेपासून ढळण्याची मर्यादा, ±०.२५ टक्के असते. ती पूर्ण प्रवासाच्या प्रमाणात मोजतात, म्हणजे १०० मिमी प्रवासात ०.२५ मिमी. वरच्या हिशेबाने भिंगासाठी एवढी चूकही जास्त आहे. म्हणून नुसत्या टोकांच्या दोन वाचनांवर विसंबता येत नाही, मधल्या अनेक बिंदूंवर जुळणी साठवावी लागते. आकडा वाचणाऱ्या मंडलाचेही तसेच. १०० मिमी प्रवास १० बिटांत, म्हणजे १०२४ पायऱ्यांत वाटला तर एक पायरी सुमारे ०.१ मिमीची होते, १२ बिटांत ती ०.०२५ मिमीच्या आसपास येते.

प्रत्येक बिंदूकडे एकदा खालून आणि एकदा वरून यावे. दोन वाचनांतला फरक म्हणजे दातेरी चाके, पट्टा किंवा जोडणी यांतला ढिलेपणा. संवेदक बदलून तो जात नाही.

प्रकाशीय एन्कोडर, म्हणजे फिरत्या चकतीच्या खाचांतून येणाऱ्या प्रकाशाचे स्पंद मोजणारा संवेदक असेल तर ऑसिलोस्कोपवर त्याच्या दोन चौकोनी तरंगांमध्ये ९० अंशांचे कलांतर, म्हणजे पाव आवर्तनाचा फरक दिसला पाहिजे. डोके पूर्ण वर नेऊन मूळ खुणेवर आणल्यावर मोजणी मूळ आकड्यावर परतली नाही, तर स्पंद गळत आहेत. धूळ, सैल चकती किंवा क्षीण झालेला अवरक्त एलईडी ही त्याची नेहमीची कारणे. झाकण उघडून भर उजेडात चाचणी केल्यास बाहेरचा प्रकाश प्रकाशग्राहीवर पडून वाचन बिघडू शकते. फक्त जागेतला बदल मोजणाऱ्या साध्या वृद्धिदर्शक एन्कोडरला वीज आल्यावर स्वतःची जागा ठाऊक नसते, तो संदर्भ-स्विचवर अवलंबून असतो. तो स्विच दर वेळी त्याच जागी चालतो का, हे डायल गेजने (सूक्ष्म अंतर काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) पाहावे.

शेवटचा निवाडा कागदाच्या पातळीवर ठेवलेल्या ग्रेन फोकसरने, म्हणजे प्रतिमेतले फिल्मचे कण मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाने होतो. त्यासाठी निगेटिव्ह दोन काचांमध्ये दाबलेले हवे. उघड्या चौकटीतील फिल्म दिव्याच्या उष्णतेने फुगते आणि तो दोष विनाकारण संवेदकावर येतो. यंत्राने लावलेली भिंगाची जागा आणि हाताने जुळवलेली जागा यांतला फरक निरनिराळ्या उंचींवर लिहून काढला की दोषाचे स्वरूप दिसू लागते. भिंग सगळीकडे सारख्याच अंतराने चुकत असेल तर शून्यबिंदू सरकला आहे. चूक एका टोकाकडे वाढत गेली तर व्होल्टतेचे मिमीत रूपांतर करणारा गुणक किंवा नोंदवलेले नाभीय अंतर चुकले आहे. भिंगावर छापलेला ५० हा आकडा ढोबळ असतो, म्हणून भिंग बदलले की जुळणीही नव्याने करावी लागते. यंत्र तापल्यावरच चूक वाढत असेल तर आधी संवेदकाला मिळणारी व्होल्टता मोजावी.