मूकपटांतील भयविनोद

भीती आणि हसू यांची एकाच कथेत सांगड घालणारे मूकपट. हा प्रकार १९२०च्या दशकात हॉलिवूडमध्ये भरात आला. जॉर्ज मेलिएस यांनी फ्रान्समध्ये १८९६ सालीच वटवाघळाचा सैतान करून दाखवला होता, पण तो जादूच्या प्रयोगांचाच विस्तार होता. हॉलिवूडच्या या चित्रपटांतले भूत बहुधा शेवटी पैशांमागे लागलेला माणूस निघते.

विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड (‘हॉन्टेड स्पूक्स’, १९२०) आणि बस्टर कीटन (‘द हॉन्टेड हाउस’, १९२१) यांनी झपाटलेले घर विनोदासाठी वापरले. कीटनच्या चित्रपटात खोट्या नोटा छापणारी टोळी लोकांना दूर ठेवण्यासाठी भुताटकीचा बनाव करते. जिन्याच्या पायऱ्या ऐनवेळी सपाट होऊन घसरगुंडी बनते. याच काळात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गाजलेली रहस्यनाटकेही पडद्यावर आली. रोलंड वेस्ट यांचा ‘द बॅट’ (१९२६) त्यांतलाच. कृष्णवर्णीय नोकराच्या घाबरटपणावर हशा मिळवण्याची तेव्हाची रीत मात्र आज बघवत नाही.

या प्रकाराचे शिखर म्हणजे युनिव्हर्सल या चित्रसंस्थेचा ‘द कॅट अँड द कॅनरी’ (१९२७). जॉन विलर्ड यांच्या १९२२च्या नाटकावरून तो जर्मनीहून आलेल्या पॉल लेनी यांनी दिग्दर्शित केला. सायरस वेस्टच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, मध्यरात्री त्याचे मृत्युपत्र वाचले जाते आणि संपत्ती अ‍ॅनाबेलला (लॉरा ला प्लांट) मिळते. त्यानंतर वकील गायब होतो. झोपलेल्या अ‍ॅनाबेलच्या उशामागच्या भिंतीतून नखे वाढलेला एक हात सावकाश बाहेर येतो आणि तिच्या गळ्यातला हार हिसकावतो. इथे गंमतीचा लवलेश नाही. पण त्याच घरात भित्रा पॉल (क्रेटन हेल) पलंगाखाली अडकतो आणि प्रेक्षक खो-खो हसतो. लेनी यांनी प्रकाशयोजना आणि छाया गंभीर भयपटाला शोभतील अशाच ठेवल्या, विनोद पात्रांवर सोपवला. म्हणूनच दोन्ही रस एकमेकांना मारत नाहीत. उडणाऱ्या पडद्यांच्या लांबलचक बोळातून कॅमेरा पुढे सरकतो, तेव्हा आवाजाची उणीव भासत नाही. दृश्यांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरची अक्षरेसुद्धा भीतीने थरथरतात.

लेनी १९२९ मध्ये वारले. या कथेवर १९३० मध्ये निघालेल्या इंग्रजी बोलपटाचे थोडेसे तुकडेच उरले आहेत. मूकपट मात्र आजही पाहायला मिळतो.